मोजणीसाहेबांचा ठिपका

मोजणीसाहेबांच्या बायकोने महिनाभर बहिणीकडे जाऊन राहायचं ठरवलं, आणि एवढ्याशा गोष्टीपायी त्यांच्या घरात उपग्रह शिरले. माणसाच्या घरात पाहुणे शिरतात, मुंग्या शिरतात, फार तर चोर शिरतात. उपग्रह शिरायला मात्र मोजणीसाहेबांसारखा कर्ता पुरुषच घरात असावा लागतो.

मोजणीसाहेब म्हणजे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते फक्त पोस्टमन वाचायचा. उभा जन्म त्यांनी साखळी, फीत आणि दुर्बीण घेऊन लोकांच्या हद्दी ठरवण्यात घालवला होता. एकदा एका माणसाची विहीर नकाशाप्रमाणे शेजाऱ्याच्या जमिनीत निघाली. तो बिचारा गयावया करत म्हणाला, "साहेब, आजोबांनी खणलेली विहीर आहे हो." साहेब शांतपणे म्हणाले, "मग आजोबांनी चुकीच्या जागी खणली. विहीर चुकते, मोजणी चुकत नाही." हे वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं, की पुढे ते त्यांनी संधी मिळेल तिथे वापरलं. इमारतीच्या आवारात गाड्या लावण्यावरून भांडणं झाली, तेव्हाही ह्यांनीच फीत काढून पांढरे पट्टे आखून दिले आणि वर हे वाक्य ऐकवलं. त्या आखणीत सेक्रेटरींच्या गाडीची दीड वीत जागा गेली. सेक्रेटरी तेव्हा काही बोलले नाहीत, पण ती दीड वीत त्यांनी मनात जपून ठेवली.

तर झालं होतं असं, की साहेबांच्या रक्तात साखर वाढली होती आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं होतं. साहेबांचं म्हणणं, नोकरीत आपण एवढे डोंगर पालथे घातले, ते चालणं कुठेतरी शिल्लक पडलं असेलच, तेच वळतं करून घ्यावं. डॉक्टर ऐकेनात आणि बायको तर त्याहून ऐकेना. ती मागे लागली की साहेब चालायचे, तिची पाठ फिरली की साहेब खुर्चीत. ह्यामुळेच तिचं बहिणीकडे जाणं ह्याआधीही बारगळलं होतं. थोरल्या बहिणीने नवं घर बांधलं होतं, मागे झाडं होती, आणि "ये गं एकदा निवांत" म्हणून तिचे फोनवर फोन यायचे. ह्या वेळी बायकोने माळ्यावरून बॅग काढली, पुसली, दोन दिवस नुसती तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नको बाई. मी गेले की तुम्ही खुर्चीला चिकटणार. तिकडे माझा घास घशाखाली उतरायचा नाही. ठेवा ती बॅग वर."

बॅग वर ठेवताना साहेबांना मनापासून वाईट वाटलं. बायकोने आयुष्यात फार काही मागितलं नव्हतं, आणि जे मागितलं ते आपल्या चालण्यापायी अडावं, हे त्यांना लागलं. बायको नसताना चहात साखर किती घालता येईल हा विचारही एका बाजूने येऊन गेला, पण तो आपण मोजायला नको. ते स्टुलावर उभे असतानाच म्हणाले, "समज, मी चाललो की नाही हे तुला तिकडे बसून दिसलं, तर जाशील?"

"दिसणार कसं?"

"ते तू माझ्यावर सोड."

बायकोने सोडलं. संसारातली निम्मी संकटं ह्या एका वाक्यातून उगवतात हे तिला माहीत होतं, पण बहिणीचं घर डोळ्यांसमोर होतं ना!

साडूंनी, म्हणजे थोरल्या मेहुणीच्या यजमानांनी, लांबूनच फुकटचा सल्ला दिला. "अहो, फोनमध्येच असतं की सगळं! माझा फोन रोज दहा हजार पावलं दाखवतो." साडू सांगतो तेच करायचं म्हणजे मग जगण्यात राम काय राहिला? शिवाय फोन हा कुणीतरी दुसऱ्याने बनवून, बंद करून हातात दिलेला. त्याच्या पोटात काय शिजतं ते कोण बघायला गेलंय? मोजणीचं यंत्र कसं, आपल्या हाताने उभं केलेलं आणि आपल्या डोळ्यांनी पारखलेलं असावं. साहेबांनी चार दिवस इंटरनेटवर वाचन केलं आणि एक बोर्ड मागवला.

बोर्ड आला तो काड्यापेटीएवढा. हिरवा, एका अंगाला वायफाय पकडणारा चकचकीत चौकोन, दुसऱ्या अंगाला उपग्रहांचं ऐकणारा एक तुकडा आणि त्याला वायरीने लोंबकळणारी बिस्किटाएवढी अँटेना. कल्पना सोपी होती. अँटेना आकाशातल्या उपग्रहांवरून आपण कुठे आहोत ते ओळखणार, वायफाय ती जागा इंटरनेटवर धाडणार, आणि बायकोच्या फोनमधल्या नकाशावर एक लाल ठिपका दिसणार. साहेब चालले की ठिपका चालणार, आणि खाली किलोमीटरचा आकडा वाढत जाणार. कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने वायरी जोडून दिल्या आणि "काका, आता रॉकेटला लावलं तरी चालेल" असं प्रशस्तिपत्रकही दिलं. ह्या मोबाइलवाल्याला येत नाही अशी जगात एकही गोष्ट नव्हती, निदान त्याच्या मते.

जेवणाच्या टेबलावर पहिली चाचणी झाली. साहेबांनी वायर लावली, हिरवा दिवा लुकलुकला आणि बायकोच्या फोनवर ठिपका उमटला. बायकोने चष्मा वर करून पाहिलं.

"अहो, तुम्ही समुद्रात आहात."

"असं कसं होईल?"

"भर समुद्रात. आजूबाजूला बेटसुद्धा नाही. आणि तुम्हाला पोहता येत नाही."

घराच्या छपराखाली एकही उपग्रह दिसत नसल्यामुळे बोर्डाने अक्षांश शून्य आणि रेखांश शून्य असा आकडा पाठवला होता, आणि ती जागा नेमकी समुद्रात येते. साहेबांनी हे समजावून सांगितलं. बायकोने बॅग पुन्हा खाली काढून तिची चेन उघडली होती, ती लावून टाकली.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, गच्चीवर लावा. सेक्रेटरी म्हणाले, गच्ची सामाईक आहे, अँटेना लावायला कमिटीची परवानगी लागते. साहेबांनी बिस्किट दाखवलं. सेक्रेटरी म्हणाले, "आकाराचा प्रश्न नाही, नियमात 'अँटेना' एवढाच शब्द आहे." कमिटीचे तिघे जण येऊन त्या बिस्किटाभोवती उभे राहिले, एकाने ते हातात घेऊन वजन पाहिलं, आणि ह्याच्या किरणांनी आमच्या कुंड्या सुकल्या तर जबाबदार कोण, असा प्रश्न विमा एजंटांनीच काढला. ज्याने सल्ला दिला त्यानेच हरकत घ्यावी, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शेवटी अँटेना गच्चीवर नाही, भिंतीवर नाही, तर साहेबांच्या स्वतःच्या खिडकीच्या कठड्यावर, आतल्या बाजूने ठेवायला मंजुरी मिळाली. समोर उंच इमारत असल्यामुळे त्या खिडकीतून आकाशाची एक चिंधी तेवढी दिसायची.

दुसरा पेच वायफायचा. इंटरनेटचं कनेक्शन साहेबांनी आणि शेजारच्या हेडबाईंनी भागीत घेतलं होतं, आणि यंत्र हेडबाईंच्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. एकट्या राहायच्या, आणि जिन्यात त्या समोरून आल्या की मोठमोठे लोक हात मागे बांधायचे. पासवर्ड त्यांनीच ठेवला होता, आणि तो एखाद्या सुविचाराएवढा लांब होता. बोर्डात तो जसाच्या तसा भरायला हवा. हेडबाई दारात उभ्या राहून अक्षर अक्षर सांगायच्या, साहेब चुकायचे, आणि बाई म्हणायच्या, "खोडाखोड नको. पुन्हा पहिल्यापासून." ज्या माणसाने तालुक्यांच्या हद्दी ठरवल्या त्याला हे किती लागलं असेल! पण बायकोची बॅग डोळ्यांसमोर आणून साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. सातआठ प्रयत्नांनी बोर्डाने वायफाय पकडलं, आणि ठिपका समुद्रातून निघून घरी आला.

राहता राहिलं बोर्ड घेऊन चालणं. बोर्ड मजबूत डब्यात असावा म्हणून साहेबांनी तो स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवला, झाकणाला घट्ट कडी लावली आणि डबा हातात घेऊन डौलात फिरून आले. ठिपका पुन्हा समुद्रात. मोबाइलवाला म्हणाला, "काका, सॅटेलाइटला स्टील चालत नाही, ॲलर्जी असते." कारण चुकीचं असलं तरी निदान बरोबर निघालं, कारण स्टीलच्या आत उपग्रहाचा आवाज पोचतच नाही. मग प्लास्टिकच्या साबणदाणीत बोर्ड बसवला, अँटेना टोपीवर चिकटवली, टोपीपासून खिशापर्यंत वायर आणली. तो अवतार करून साहेब बँकेवरून जात असताना बँकेच्या वॉचमनने त्यांना भिंतीला तोंड करून उभं केलं. टोपीत काय आहे, असं त्याने विचारलं. साहेब म्हणाले, "अँटेना." खिशात काय आहे? "बॅटरी." आणि हातात? "साबणदाणी." खरं बोलूनही माणूस किती संशयास्पद ठरू शकतो, हे त्यांना त्या दिवशी उमगलं. मॅनेजर ओळखीचा निघाला म्हणून सुटका झाली.

बायकोने हे सगळं पाहिलं आणि तिचा विश्वास बसला. यंत्रावर नव्हे. जो माणूस एवढी फजिती सोसून मागे हटत नाही, तो चालेलही, असा तिचा हिशेब होता. तिने बॅग भरली, गोळ्यांच्या डबीवर सकाळ-संध्याकाळच्या चिठ्ठ्या लावल्या आणि दारातून तीनदा मागे वळून गेली. जाताना म्हणाली, "ठिपका हलला नाही ना, तर मी दुसऱ्या दिवशी दारात उभी असेन, सांगून ठेवते."

पहिल्या दिवशी साहेब शब्दाला जागले. पाण्याच्या टाकीपर्यंत गेले, बागेला दोन वळसे घातले, दवाखान्याच्या चढावरून परत आले. गुडघे बोलायला लागले होते, पण मन प्रसन्न होतं. घरी आले तर फोन वाजला.

"अहो, ठिपका खिडकीतच आहे. शून्य किलोमीटर."

झालं होतं काय, की हेडबाईंचं वायफाय जिन्यापर्यंतच पोचायचं. त्यापुढे खिशातल्या फोनचं इंटरनेट बोर्डाला द्यावं लागायचं, आणि त्यासाठी फोनमधलं एक बटण दाबायचं असायचं. ते बटण राहिलं होतं. साहेब तळमळून म्हणाले, "अगं, चाललो मी! टाकीपर्यंत गेलो! दवाखान्याच्या चढावरून आलो!" तिकडून साडूंचा आवाज आला, "मी म्हटलं होतं ना, फोनच बरा." बायको म्हणाली, "बरं, उद्या बघू." तिच्या त्या 'बरं'मध्ये बॅगेची चेन ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना उठवेना. पायांचे गोळे दगड झाले होते. त्यांनी बोर्ड खिडकीच्या कठड्यावर ठेवला, शेजारी खुर्ची ओढली, आणि जरा बरं वाटलं की निघू असं म्हणत डोळे मिटले. जाग आली ती फोनने.

"शाबास!" बायको म्हणत होती. "साडेतीन किलोमीटर! मला वाटलंच नव्हतं हो."

साहेबांनी फोनवरचा नकाशा उघडला. खरंच साडेतीन किलोमीटर. आकाशाच्या त्या चिंधीतून बोर्डाला मोजकेच उपग्रह दिसत होते, त्यांतल्या काहींचं म्हणणं तर समोरच्या उंच इमारतीवर आपटून येत होतं, त्यामुळे बोर्ड बिचारा क्षणात इथे आहे म्हणायचा, क्षणात पलीकडे. आणि प्रत्येक डळमळ तो चालण्यात धरून बेरीज करत होता. काल चाललो त्याचे शून्य, आज झोपलो त्याचे साडेतीन. आता तुम्हीच सांगा, ह्यात अन्याय कुठला आणि न्याय कुठला? साहेब खात्यात राहिलेले, त्यांनी लगेच मार्ग काढला. कालची थकबाकी आज जमा झाली. त्यांनी बायकोला हेच सांगायला तोंड उघडलं होतं, पण ती म्हणाली, "आता मी निश्चिंत झाले बघा," आणि त्यांचं तोंड मिटलं. तिला असं म्हणताना त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

थकबाकी एकदाची जमा झाली की माणसाने थांबावं. पण तिसऱ्या दिवशी गुडघा दुखत होता, चौथ्या दिवशी ऊन होतं, आणि पाचव्या दिवसापासून कारणाची गरज उरली नाही. साहेब दोन चमचे साखरेचा चहा घेऊन खुर्चीत बसायचे आणि ठिपका त्यांच्या वतीने वणवण करायचा. एखाद्या दिवशी तर तो पाच-सहा किलोमीटरसुद्धा जायचा. साडू त्यांच्या बागेत फेऱ्या मारमारून घामाघूम व्हायचे, आणि साहेबांनी त्यांना बसल्या जागी मागे टाकलं. साडूंचे फोन बंद झाले. हा आनंद एवढा मोठा होता, की साहेबांना तो एकट्याने पचेना. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर नकाशाची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, "निवृत्तीनंतरही शिस्त कशी पाळावी हे तरुणांनी पाहावं. मोजणी चुकत नाही."

ही लिंक पहिल्यांदा कुणी उघडली असेल? सेक्रेटरींनी. त्यांना त्या दीड वितेपासून साहेबांचं सगळंच काळजीपूर्वक बघायची सवय लागली होती. त्यांनी नकाशा दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि विमा एजंटांना हाक मारली. संध्याकाळपर्यंत इमारतीतल्या प्रत्येक घरात दोन बोटांनी काहीतरी मोठं होत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची बेल वाजली. दारात सेक्रेटरी, विमा एजंट, आणि मागे आणखी चौघे.

"मोजणीसाहेब, एक नाजूक विषय आहे," सेक्रेटरी इतक्या आनंदाने म्हणाले, की विषय नाजूक नाही हे लगेच कळलं. "तुम्ही रोज सकाळी हेडबाईंच्या स्वयंपाकघरात जाता."

"मी? भलतंच काय!"

"तिथून आतल्या खोलीत जाता. तिथे वीस मिनिटं थांबता. मग पुन्हा स्वयंपाकघर. काल तर चार खेपा झाल्या." त्यांनी फोन पुढे धरला. लाल रेघ खरोखरच साहेबांच्या खिडकीतून निघून हेडबाईंच्या घरात शिरत होती, आत गुंतवळ करत होती आणि बाहेर पडत होती. "हे तुमच्याच यंत्राने सांगितलंय. आम्ही पदरचं काही घातलेलं नाही."

इतक्यात शेजारचं दार उघडलं आणि हेडबाई बाहेर आल्या. जिन्यातल्या सगळ्यांचे हात आपोआप मागे गेले.

"माझ्या आतल्या खोलीत कोण वीस मिनिटं थांबतं?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी सेक्रेटरींच्या हातातला फोन काढून घेतला, चष्म्याच्या खालून पाहिला, वरून पाहिला आणि म्हणाल्या, "मोजणीसाहेब, आवारात चला. हे उघड्यावर व्हायला हवं."

आवारात जाईपर्यंतच्या तीन मजल्यांत मोजणीसाहेबांची जी अवस्था झाली ती वैऱ्यावरही येऊ नये. यंत्र बरोबर म्हणावं, तर चारित्र्य गेलं. यंत्र चुकीचं म्हणावं, तर चालण्याचं बिंग फुटलं, बायको बॅग घेऊन दारात, आणि शिवाय जन्मभराचं वाक्य तोंडघशी. सेक्रेटरींना नेमकं हेच हवं होतं. खाली पोचल्यावर ते सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब, साधा प्रश्न आहे. तुम्ही बाईंच्या घरात होता, की मोजणी चुकली?"

साहेबांनी पांढऱ्या पट्ट्यांकडे पाहिलं. हेडबाईंकडे पाहिलं. ह्या बाईंनी आयुष्यभर शिस्तीने राहून कमावलेलं नाव आपल्या झोपेपायी चारचौघांत चघळलं जातंय, हे मनात आलं आणि त्यांना स्वतःची खरीखुरी शरम वाटली.

"मोजणी चुकली," ते म्हणाले.

"मोठ्याने," सेक्रेटरी म्हणाले.

"मोजणी चुकली! मी कुठेच गेलो नाही. मी खुर्चीत झोपलो होतो. ठिपका आपला आपणच भटकतो."

"सिद्ध करा."

त्यात काय कठीण? साहेबांनी आवाराच्या मधोमध स्टूल मांडलं, त्यावर बोर्ड ठेवला, ह्या वेळी फोनचं बटण आठवणीने दाबलं आणि म्हणाले, "आता बघा कसा भरकटतो ते." सगळ्यांनी आपापल्या फोनवर लिंक उघडली. ठिपका स्टुलावर आला आणि थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ठिपका खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी. डोक्यावर मोकळं आकाश, डझनभर उपग्रह स्पष्ट दिसतायत, मग त्याने भटकावं कशाला? साहेबांनी हे पोटतिडकीने समजावलं.

"म्हणजे आमच्यासमोर शहाण्यासारखा वागतो, आणि बाईंच्या घरी गेला की भरकटतो," विमा एजंट म्हणाले.

गर्दी बघून मोबाइलवाला आला होता. साहेबांनी त्याच्याकडे आशेने पाहिलं. त्याने बोर्ड उलटासुलटा करून पाहिला आणि छाती पुढे काढून जाहीर केलं, "यंत्र एकदम ओके आहे! चूक निघणारच नाही, जोडणी माझी आहे." साहेबांना तिथल्या तिथे त्याचं दुकान दुसऱ्याच्या हद्दीत दाखवावंसं वाटलं.

हेडबाई मात्र मघापासून फोनमधल्या जुन्या रेघा तपासत होत्या. त्या म्हणाल्या, "झोपलेल्याची रेघ ही, असं ह्यांचं म्हणणं. ठीक आहे. चालणाऱ्याची रेघ कशी असते ते आधी बघू. मोजणीसाहेब, चाला."

"कुठे?"

"पाण्याच्या टाकीपर्यंत, बागेला वळसा, दवाखान्याच्या चढावरून परत. रेंगाळायचं नाही."

साहेब साबणदाणी घेऊन निघाले, आणि पाठोपाठ इमारत निघाली. पुढे साहेब, मागे फोन हातात धरलेले सेक्रेटरी, विमा एजंट, कमिटी, आणि शेवटी मोबाइलवाला. रस्त्यावरचे लोक विचारायचे, काय झालंय? कुणी म्हणे मोर्चा आहे, कुणी म्हणे साहेबांना कुठेतरी सोडायला चाललेत. बँकेचा वॉचमन ह्यांना पाहून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. चढावर साहेबांच्या छातीचा भाता झाला. पण गंमत अशी, की विमा एजंट त्याआधीच कट्ट्यावर बसले होते आणि सेक्रेटरी एका झाडाला धरून उभे होते. चढाच्या टोकाला साहेब एकटेच पोचले.

परत येईपर्यंत हेडबाईंनी दोन फोन शेजारी शेजारी धरून निकाल तयार ठेवला होता. एका फोनवर आजची रेघ होती. ती रस्त्याने सरळ जात होती, कोपऱ्यावर वळत होती, चढावर रेंगाळत होती. दुसऱ्यावर गेल्या दिवसांच्या रेघा होत्या. त्या भिंतीतून आरपार जात होत्या, तिसऱ्या मजल्यावरून हवेत बाहेर पडून पुन्हा आत येत होत्या, आणि एकदा तर समोरच्या इमारतीच्या लिफ्टच्या खड्ड्यात शिरल्या होत्या.

"ही दोन निरनिराळी हस्ताक्षरं आहेत," बाई म्हणाल्या. "पहिलं माणसाचं. दुसरं माणसाचं नाही. मोजणीसाहेब माझ्या घरात आलेले नाहीत. ते फक्त आळशी आणि खोटारडे आहेत. पांगा आता."

असा साहेबांच्या चारित्र्याचा निकाल लागला. लोक पांगले. सेक्रेटरी मात्र घरी जाऊन फीत आणि खडू घेऊन आले आणि आपल्या गाडीजवळ ओणवे झाले. मोजणी चुकते हे आता खुद्द मोजणीसाहेबांनीच दहा जणांसमोर कबूल केलं होतं, त्यामुळे त्यांना हरकत घ्यायलाही तोंड उरलं नाही.

ते घरात येऊन खुर्चीत बसले आणि फोन वाजला. बायको. आता लपवाछपवीत काही अर्थ नव्हता. आज ना उद्या ग्रुपवरून तिला कळणारच. त्यांनी तिला बोलूच दिलं नाही. झोप, साखर, खिडकी, साडेतीन किलोमीटर, हेडबाईंची आतली खोली, सगळं धापा टाकत एका दमात सांगून टाकलं आणि शेवटी म्हणाले, "तू ये परत. माझं चुकलं. तुझं राहणं मीच बुडवलं."



"मला ठाऊक होतं," बायको म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच दिवशी कळलं. ठिपका भिंतीतून गेला. अहो, तुम्हाला दारातून बाहेर काढताना माझा जन्म गेला. तुम्ही भिंतीतून कसले जाताय!"

साहेब थक्क झाले. "मग 'शाबास' म्हणालीस ती? बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर यावं लागलं असतं ना."

आणि मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "इथे मला सकाळी कुणी उठवत नाही हो. ताई म्हणते, झोप. मी झोपते. आठ-आठ वाजेपर्यंत झोपते. रोज ठरवायचे, आज ह्यांना विचारायचं, उद्या विचारायचं, आणि ठिपका कुठेतरी फिरतोय बघून पुन्हा डोळे मिटायचे. तुमच्या साखरेची काळजी होती, पण झोपही होती."

आपण बायकोला फसवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि बायको स्वतःला फसवून घेत होती, ते एका झोपेसाठी. इतकी वर्षं तिला ती घरात मिळाली नव्हती, आणि ती मोजायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"तू राहा," ते म्हणाले. "महिना पुरा कर. आणखी राहा. मी चालतो."

"खरंच?"

"आजच्यासारखा. बोर्ड टोपीला लावून. तू नकाशावर बघ."

"तो ठिपका राहू दे," बायको म्हणाली. "तुम्ही चालून आलात, जिना चढून वर आलात, की बसायच्या आत मला फोन लावा. बोलू नका काही. नुसता धरा. धाप ऐकली की मला कळेल किती चाललात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब टाकी, बाग आणि चढ करून आले, तीन मजले चढले आणि दारातच उभं राहून त्यांनी फोन लावला. पलीकडे तो उचलला गेला. साहेब बोलले नाहीत, नुसता श्वास घेत राहिले, आत, बाहेर, आत, बाहेर. पलीकडे कुणीतरी पांघरुणात कूस बदलली.

"बरं," बायको झोपेतच म्हणाली, आणि पुन्हा झोपली.